पडलो नाही, उतरलो

फाल्गुन लागला आणि खजूरखेडीच्या शिवारात डोडे भरले. पांढऱ्या पाकळ्या गळून गेल्या, आणि कमरेएवढ्या झाडांवर लिंबाएवढे हिरवे डोडे ताठ उभे राहिले. अफूचं पीक म्हणजे मोठं लाडावलेलं. गव्हाला, हरभऱ्याला दोन दिवस थांब म्हटलं तर तो बापडा थांबतो. हे थांबत नाही. दुपारी डोड्याला चार सुयांच्या चिरणीनं चिरा मारायचा, रात्रभर चीक बाहेर येऊ द्यायचा, आणि सकाळी उन्हं तापायच्या आत तो खरवडून अळशीच्या तेलाच्या वाटीत टाकायचा. दोन दिवस सोडून पुन्हा चिरा. असे तीन-चार फेर. एक फेर चुकला की डोडा वाळला, आणि सगळ्या हिवाळ्याची मेहनत मातीत गेली.

चिरा मारण्याची रीतही उफराटी. पुढं चालायचं नाही, उलट्या पावलांनी मागं मागं सरकायचं. पुढं चाललात तर चिरलेल्या डोड्यांचा चीक लुगड्याला पुसला जातो. म्हणून त्या महिन्यात सगळं गाव शेतातून मागं चालायचं, आणि सगळ्यांच्या टाचा ढेकळांनी सोललेल्या असायच्या.

आणि पोरं! पोरांना शेताच्या बाहेर ठेवावं लागायचं. तीन वर्षांमागं माणकबाईच्या धाकट्यानं चिकाची बोटं चाटली, बांधावर झोपला, तो उठलाच नाही. तेव्हापासून फेर सुरू झाले की गावातली झाडून सगळी पोरं महुआच्या झाडाखाली बकुळेच्या हवाली करायची असा शिरस्ता पडला. पोरांना एका जागी खिळवून ठेवील अशी जीभ गावात तिचीच. त्या बदल्यात बाकीच्या बाया तिच्या वाट्याच्या ओळी चिरून द्यायच्या. शेत दोन बिघ्यांचं, भैयासाहेब जहागीरदारांचं, अर्ध्या वाट्यानं केलेलं. बकुळेचा नवरा संताजी एका पायानं अधू. बायांचे हात लागले नाहीत तर ते शेत एकट्या माणसाच्या बापाच्यानंही उरकायचं नाही.

संताजी बारा वर्षं देवासच्या पागेत होता. तिथंच पाय मोडला, वाकडा जुळला, आणि पागा सुटली. मोठ्या भैयासाहेबांनी, म्हणजे आत्ताच्या भैयासाहेबांच्या वडिलांनी, दया येऊन त्याला खजूरखेडीत आणून बसवलं. पाय गेला तरी मिशी राहिली होती. गावात कुणाचा बैल चारा सोडू दे, कुणाची घोडी अडू दे, लोक यायचे, "संताजी भिया, जरा देखो तो." मग तो लंगडत जायचा, जनावराच्या कानामागं हात फिरवायचा, आणि जाता जाता सांगायचा, "बारा वर्षं पागेत काढलीत. असा अरबी घोडा आला होता अंगावर, म्हणून हा पाय. नाहीतर मला पाडणारं जनावर अजून जन्मायचंय." लोक माना डोलवायचे. तेवढाच त्याचा मान, आणि तो तो जपून वापरायचा.

पोरांची सगळ्यात आवडती गोष्ट होती सरड्याची. रोज तीच हवी. बकुळा सुरुवात करायची आणि तिची आठ वर्षांची दुर्गा हुंकार द्यायची. हुंकाराशिवाय गोष्ट पुढं सरकत नाही, हे त्या मुलखात तान्ह्या पोरालाही ठाऊक.

"एक होता सरडा."

"हूं."

"त्याला वाटायचं आपण सरदार. कुंपणावर बसून मान हलवायचा. म्हणायचा, सरदाराला बसायला घोडा पाहिजे. घोडा कुठला मिळायला? मग बसला शेळीवर."

"हूं!"

"शेळीला दिसला हिरवा पाला. ती जी उधळली! सरडा कधी शिंगाला, कधी शेपटीला. आणि उकिरडा आला तशी शेळीनं मारली उडी. सरडा तोंडावर शेणात! कोंबड्या हसल्या, गाढव हसलं. सरड्यानं तोंड पुसलं, मान हलवली, आणि काय म्हणाला?"

मग वीस-पंचवीस पोरं एका सुरात ओरडायची, "पडलो नाही, उतरलो!"

आणि लोळायची हसून. शेतात उलट्या चालणाऱ्या बायासुद्धा चिरणी थांबवून हसायच्या.

आता ऐका घोळ कसा झाला ते. मागच्या दसऱ्याला भैयासाहेब घोडीवर बसून शमीच्या पूजेला निघाले होते. ढोल वाजला, घोडी बिचकली, आणि भैयासाहेब मानेवरून घसरून चिखलात बसले. सगळ्या गावानं पाहिलं. पण पाहिलं असं एकानंही म्हटलं नाही. घोडी दुसऱ्याच दिवशी बदनावरच्या बाजारात गेली, आणि भैयासाहेब बैलांच्या दमणीतून फिरायला लागले. घोडा हा शब्दही त्यांच्यापुढं कुणी काढेना.

पहिला फेर झाला त्याच्या तिसऱ्या दिवशी, दुपारी, दमणी पीक बघायला आली. भैयासाहेब उतरायला गेले, धोतराचा सोगा जुवाच्या खिळीत अडकला, आणि ते दोन्ही हातांवर जमिनीवर आले. फार नाही. गुडघ्याला माती लागली एवढंच. पण महुआखाली गोष्ट नेमकी उकिरड्यापाशी आली होती. पोरांनी वळून बघितलं. कुणी शिकवायला लागलं नाही.

"पडलो नाही, उतरलो!"

सगळ्यात मोठा आवाज दुर्गेचा.

बकुळा झटकन पुढं सरकली. तिनं दुर्गेच्या तोंडावर हात दाबला, पण सुटलेला शब्द काय हातानं धरता येतो! आणि त्याहून वाईट म्हणजे शेजारच्या शेतात बायांच्या पाठी हलत होत्या. तोंडात पदराचे बोळे होते, पण पाठी हलत होत्या.

भैयासाहेबांनी माती झटकली. पोरांकडं पाहिलं नाही. शेताकडं पाहिलं.

"हे शेत कोणाचं?"

"आपलंच, सरकार," संताजी पुढं झाला. "वाटा माझा."

"याचा चिरा बंद. जो कोणी या शेतात चिरणी घेऊन उतरेल त्याच्या शेताचाही बंद." मग बकुळेकडं बोट केलं. "परवा हिला चावडीवर आणा. ही गोष्ट आम्हालाही ऐकायचीय."

दुसरा दिवस उजाडला. दुसऱ्या फेराची वेळ आली. शेजारच्या शेतांतून चिरण्यांचा कुरकुर आवाज येत होता, आणि बकुळेच्या शेतात डोडे नुसते उभे होते. संताजी बांधावर बसून एकेक डोडा अंगठ्यानं दाबून बघत होता.

"उद्यापर्यंत तग धरतील," तो म्हणाला. "परवा नाही धरायचे. वरून ढगही येताहेत."

माणकबाई पाण्याच्या वाटेवर भेटली, पण थांबली नाही. डोक्यावरचे हंडे सावरत म्हणाली, "हँसी आवे तो कंई करां बेन? आमची मति मारी गई." आणि पुढं गेली. काल जिच्या गोष्टीला पोट धरून हसल्या, तिच्या सावलीला आज उभ्या राहीनात. भीती ही अशी चीज आहे.

संध्याकाळी नारायणराव पंतोजी आले. हे भैयासाहेबांच्या मुलाला शिकवायला ठेवलेले. विद्वान माणूस, पण पोट भैयासाहेबांच्या चुलीवर. ओट्यावर टेकले आणि बकुळेला म्हणाले, "बाई, उद्या अर्थ सांगायला मला बसवलंय."

"कसला अर्थ, पंतोजी?"

"गोष्टीचा. सरडा म्हणजे कोण, शेळी म्हणजे कोण."

"सरडा म्हणजे सरडा. पोरांना हसवायची गोष्ट ती. दुर्गी पाळण्यात होती तेव्हापासून सांगतेय."

"ते मला कळतं. त्यांना कळून उपयोग नाही." पंतोजींनी आवाज उतरवला. "मोठी अडचण त्यांचीच आहे. सरडा म्हणजे मी, असं ते म्हणू शकत नाहीत. म्हटलं की पडलो हे कबूल. आणि सरडा कुणीच नाही, असंही त्यांना चालायचं नाही, कारण गाव हसलंय. कुणीतरी पडलेला पाहिजे, बाई. तुझ्याकडं कुणी असला तर बघ."

ते गेले. संताजी दारातच होता. त्यानं सगळं ऐकलं होतं. बकुळेनं त्याच्याकडं बघितलं आणि त्यानं मान फिरवली. दोघांनाही ठाऊक होतं कोण पडलंय.

नऊ वर्षांमागची गोष्ट. पागेतली एक म्हातारी घोडी. तिला पाण्यावर नेताना संताजी उगीच ऐटीत वर बसला, आणि खोगिराचा तंग आवळायला विसरला. खोगीर फिरलं, तो दगडावर आदळला. अरबी घोडा नाही नि काही नाही. खाटेवर घालून घरी आणला तेव्हा हाड कातडीतून बाहेर आलेलं. बकुळेनं ते बघून हंबरडा फोडला. तशात त्या माणसानं दात आवळून हसायचा प्रयत्न केला आणि म्हणाला, "रडू नको गं. पडलो नाही, उतरलो." ती रडता रडता हसली होती. तिच्या सबंध संसारात नवरा तिला इतका गोड कधी लागला नव्हता. त्या वाक्याभोवतीच तिनं पुढं सरडा रचला, शेळी रचली, उकिरडा रचला. गोष्टीतला सरडा तिच्या मायेचा होता हो. पण ही माया चावडीवर कशी दाखवायची?

"मी नाही सांगायची," ती हळूच म्हणाली.

"नको सांगू," संताजी म्हणाला. "शेत गेलं तर गेलं. माझं एवढं एकच राहिलंय."

चावडीपुढं सगळं गाव होतं. भैयासाहेब लोडाला टेकलेले, शेजारी पंतोजी आणि गावचा पटेल. बाया एका अंगाला घुंगट ओढून. दुर्गा आईच्या लुगड्याला धरून उभी.

"सांग गोष्ट," भैयासाहेब म्हणाले.

बकुळेनं सांगितली. हुंकार कुणी दिला नाही. दुर्गेनं सवयीनं एकदा "हूं" केलं आणि स्वतःच घाबरली. सगळ्यांना आवडणारी ती गोष्ट तिथं वाळल्या शेंगेसारखी खुळखुळत संपली. शेवटचं वाक्य बकुळेनं तोंडातल्या तोंडात म्हटलं.

"पंतोजी, अर्थ?"

पंतोजींनी घसा खाकरला. "गोष्टीत जे सांगतात ते नसतं, सरकार, दुसरंच काही असतं. शेळी म्हणजे न झेपणारं वैभव. उकिरडा म्हणजे लोकनिंदा. कोंबड्या म्हणजे हलके लोक. आणि सरडा म्हणजे..." त्यांनी वर बघितलं. भैयासाहेब त्यांच्याकडंच बघत होते. पंतोजी घाईनं म्हणाले, "सरडा कोण ते गोष्ट सांगणारीनंच सांगितलेलं बरं."

"सांग गं."

"सरडा म्हणजे सरडाच, सरकार."

"सरड्याला बोलता येतं?"

"गोष्टीत येतं."

"गोष्टीत त्याला कोण बोलायला लावतं?"

"मी."

"मग तूच सांग, तू कुणाला बोलायला लावलंस. नाही सांगायचं? ठीक. शेत आजपासून दुसऱ्याचं. घर रिकामं करा. आणि त्या दिवशी ज्या ज्या बाया हसल्या, त्यांचीही शेतं बघू."

बायांच्या बाजूनं एक आवाज उठला, रडण्यासारखा. माणकबाईनं घुंगटातून हात जोडले, भैयासाहेबांना नव्हे, बकुळेला. आभाळ भरून येत होतं. बकुळेला एकदम ते दोन बिघे दिसले, आणि घरातली रिकामी मडकी, आणि दुर्गेचे हाडकुळे खांदे. तिनं संताजीकडं पाहिलं. तो खालच्या पायरीवर बसला होता. त्यानं हळूच मान हलवली. नको.

"सरडा म्हणजे आमचे धनी," बकुळा म्हणाली.

आणि मग सगळंच सांगितलं. म्हातारी घोडी, न आवळलेला तंग, खाट, ते वाक्य. एकदा तोंड उघडल्यावर थांबता येईना. संताजी जमिनीकडं बघत राहिला. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

भैयासाहेबांच्या चेहऱ्यावर पाच महिन्यांनी हसू आलं.

"पागेतला माणूस, आणि तंग विसरला! अरे, हे तर खरंच हसण्यासारखं आहे. हसा की रे!"

कुणी हसेना.

"का? त्या दिवशी शेतात हसलात. याच्यावर हसलात ना? मग आज हसू का येत नाही?" त्यांचा आवाज अगदी मऊ झाला. "ज्याला आज हसू येणार नाही, तो त्या दिवशी दुसऱ्याच कुणाला हसला असं आम्ही समजू. पटेल, तुमचा मोठा बोकड आणा. नीट दाखवल्याशिवाय लोकांना गोष्ट कळत नाही."

बोकड आणला. दोघांनी संताजीला उठवलं. त्यानं हातही झटकला नाही. वाकडा पाय एका बाजूनं टाकून त्याला बोकडावर बसवला. त्याचे पाय जमिनीवरच घासत होते. कुणीतरी बोकडाच्या पाठीवर काठी घातली. बोकड उधळला, संताजी चार पावलं फरपटत गेला, आणि चावडीच्या कोपऱ्यावर शेणाच्या ढिगात तोंडावर पडला.

आधी पटेल हसला. मग पुरुष हसले, हळूहळू, एकमेकांकडं बघत. मग बाया. आणि मग, देवा, खरंच हसू फुटलं त्यांना! भीतीनं सुरू झालेलं हसू, पण मिशीला शेण लागलेला माणूस बघून आवरेना. माणकबाई घुंगटाआड गदगदत होती. ज्यांच्या बैलांच्या कानामागं त्यानं हात फिरवला होता ते मांड्या थोपटत होते.

भैयासाहेब गावाकडं बघत नव्हते. ते बकुळेकडं बघत होते.

बकुळा हसली. दात दाखवून हसली. आणि दुर्गा नुसतीच उभी आहे हे तिच्या लक्षात आलं तसा तिनं पोरीच्या दंडाला चिमटा घेतला. "हस, मेले, हस," ती ओठ न हलवता म्हणाली. "हस, नाहीतर खायला मिळायचं नाही." दुर्गेनं तोंड उघडलं. लांबून बघणाऱ्याला वाटलं असतं, पोर हसतेय.

"आता म्हण," भैयासाहेब संताजीला म्हणाले.

संताजीनं तोंड पुसलं. "पडलो नाही, उतरलो."

"वा! चिरा सुरू करा. आणि बाई, ही गोष्ट पोरांना रोज सांगत जा. चांगली आहे. नावानिशी सांग, म्हणजे पुन्हा कुणाचा घोटाळा नको."

त्याच दुपारी बाया बकुळेच्या शेतात उतरल्या. न सांगता, दुप्पट हातांनी, कुणी कुणाशी न बोलता. संताजीही उतरला. घरून शेतापर्यंत तो बकुळेच्या पुढं दहा पावलं चालत आला होता. तिनं वाटेत दोनदा "अहो" म्हटलं. त्यानं ऐकलं नाही असं नाही. बांधावर एवढंच म्हणाला, "चिरणी कुठाय?"

महुआखाली पोरं जमली. जहागिरीचा शिपाई झाडाला टेकून तंबाखू मळत होता. ऐकायलाच बसवला होता त्याला.

"एक होता संताजी," बकुळेनं सुरुवात केली.

हुंकार आला नाही. दुर्गा पाठ करून बसली होती आणि मातीत काडीनं रेघा ओढत होती. शेवटी शिपायानंच म्हटलं, "हूं. आगे?"

बकुळा पुढं सांगत गेली. शेतात संताजी एकेका डोड्याला चिरा देत मागं सरकत होता. चांगला पाय मागं, मग वाकडा ओढून. उलटं चालायला दोन्ही पाय धड लागतात. पण आज त्यानं सगळ्यांच्या पुढं ओळ धरली होती, बायांना गाठू देत नव्हता. ओळीच्या टोकाला पाण्याचा पाट होता. त्याची टाच पाटात गेली आणि तो उताणा कोसळला. चार-पाच झाडं अंगाखाली मोडली.

बाया जागच्या जागी थिजल्या. आता कुणालाच हसू आलं नाही. पण पोरांना कोण थांबवणार? गोष्ट उकिरड्यापाशी आलीच होती. पंचवीस तोंडं उघडली.

त्याआधी दुर्गा धावली. शेतात पाऊल टाकायची पोरांना बंदी होती, तरी डोड्यांतून सरळ धावली, चीक परकरभर फासत. बापापाशी गेली आणि त्याचा हात ओढायला लागली. पोरं ओरडली ते तिला ऐकू आलं, आणि ती त्यांच्यापेक्षा मोठ्यांदा, रडत, बापाला विचारायला लागली, "आबा, उतरलात ना? आबा, तुम्ही उतरलात ना?"

संताजी उठून बसला. त्यानं महुआच्या झाडाकडं बघितलं, तिथं उभ्या राहिलेल्या बकुळेकडं. मग पोरीची चिकानं माखलेली बोटं आपल्या धोतराला एकेक करून पुसली, नीट, तिनं ती तोंडात घालू नयेत म्हणून.

"नाही गं," तो म्हणाला. "पडलो."